रिपोर्ट नॉर्मल आले, मग पुढे कोण बघणार?

अमेरिकन सैन्यातल्या लोकांचं रक्त ठराविक काळाने घेतात आणि त्यातलं सीरम (पेशी काढून उरलेला पातळ भाग) गोठवून वर्षानुवर्षं जपून ठेवतात. काही संशोधकांनी या साठ्यातून अशा १३० जणांचे जुने नमुने शोधून काढले ज्यांना पुढे ल्युपस (इम्यून सिस्टीम स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते असा आजार) झाला होता, आणि निदान व्हायच्या आधीच्या काळात त्यांच्या रक्तात काय चाललं होतं ते तपासलं. २००३ साली ते छापून आलं. १३० पैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या, सरासरी तीन-सव्वातीन वर्षं आधी, आणि कुणाकुणाच्या तर नऊ वर्षांच्याही आधीपासून. म्हणजे हा आजार एखाद्या सोमवारी सुरू होतो आणि मंगळवारी पकडला जातो असं काही नसतं, तो सावकाश जमत जातो, आधी एक अँटीबॉडी, मग दुसरी, मग कधीतरी सांधा दुखतो, मग ताप येऊन जातो, आणि या सगळ्या काळात माणूस कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे जातच असतो.

हे वाचलं की बरेच जण लगेच म्हणतात, मग सगळ्यांच्याच टेस्ट करून टाका ना. आणि उरलेले म्हणतात, डॉक्टरांना काही कळत नाही. मला दोन्ही पटत नाही. सगळ्यांच्या टेस्ट केल्याने काय गोंधळ होतो ते पुढे सांगतोच. आणि डॉक्टरांना कळत नाही हेही खरं नाही, बहुतेक वेळा प्रत्येक डॉक्टरला त्याच्या-त्याच्या तुकड्यातलं व्यवस्थित कळलेलं असतं. अडतं ते असं की इम्यून सिस्टीमचे आजार तुकड्यात दिसत नाहीत. ते काळाच्या ओघात दिसतात, वेगवेगळ्या अवयवांमध्ये विखुरलेले दिसतात, आणि तो सगळा धागा हातात धरून ठेवण्याचं काम आपल्या आरोग्यव्यवस्थेत कुणालाच नेमून दिलेलं नाही. ते काम कुणालातरी नेमून द्यायला हवं, पेशंटवर सोडून चालणार नाही, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे.

थोडं मूळ समजून घेऊ, कारण इम्युनिटीबद्दल जे बोललं जातं त्याने गोंधळ आणखी वाढलाय. जिकडे बघावं तिकडे "इम्युनिटी वाढवा" चाललेलं असतं, काढे काय, गोळ्या काय, पावडरी काय. पण इम्युनिटी म्हणजे काही टाकीतलं पाणी नाही की पातळी खाली गेली की वर भरून घ्यायची. ती कमी पडते तेव्हा इन्फेक्शन सुटत नाहीत, हे खरंय. पण ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, टाइप १ डायबिटीस, मल्टिपल स्क्लेरोसिस यांत ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या ठिकाणी चालून गेलेली असते. ॲलर्जीत ती परागकण किंवा शेंगदाण्यासारख्या निरुपद्रवी गोष्टीवर तुटून पडते. आणि आणखी एक गट आहे ज्यात अँटीबॉडी वगैरे काही नसतं, शरीराची सूज आणणारी जुनी यंत्रणाच आपोआप पेटते आणि ठराविक काळाने ताप येत राहतो, पोट दुखतं, आणि रिपोर्टमध्ये एकही जंतू सापडत नाही. या शेवटच्या गटाला वेगळं नाव मिळालं तेच मुळी १९९९ मध्ये, त्याआधी ही माणसं नुसतीच "कारण न सापडलेला ताप" म्हणून फिरत होती, आणि काहींची पोटं अपेंडिक्सच्या संशयाने उघडली जात होती. शिवाय हे गट एकमेकांपासून नीट वेगळेही नसतात, एकाच माणसाची इम्यून सिस्टीम एकीकडे जंतूंशी लढायला कमी पडते आणि दुसरीकडे स्वतःच्याच प्लेटलेट्स खाते, असंही होतं. त्यामुळे अशा माणसाला कुणी सरसकट इम्युनिटी वाढवायला सांगितलं की मला खरंच राग येतो.

आता ओळखायला उशीर का होतो. पहिलं कारण म्हणजे डोक्यात आधीच बसलेली समजूत, आणि याचा इतिहास फार बोलका आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पॉल एर्लिख यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं तर ती त्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी बनवायची, पण त्या अँटीबॉडी तिच्या स्वतःच्या रक्ताला हात लावत नसत. यावरून त्यांनी मांडलं की शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतं, आणि त्याला नाव दिलं हॉरर ऑटोटॉक्सिकस. ही टाळण्याची व्यवस्था कधी बिघडणारच नाही असं काही त्यांनी स्वतः म्हटलं नव्हतं, पण नंतरच्या लोकांनी ते तसंच घेतलं, की स्वतःविरुद्धचा आजार असूच शकत नाही. खरं तर १९०४ मध्येच डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी एक आजार पक्का दाखवून दिला होता, ज्यात थंडी लागली की पेशंटच्या लाल पेशी फुटतात आणि लघवी काळपट होते, आणि ते पेशंटच्याच रक्तातल्या अँटीबॉडीमुळे होतं. हे लँडस्टायनर म्हणजे रक्तगट शोधणारे तेच, पुढे नोबेल मिळालेले, कुणी ऐरागैरा नव्हे. तरी त्यांचं म्हणणं एक विचित्र अपवाद म्हणून बाजूला पडलं.

१९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी चार बायकांच्या थायरॉईडचं वर्णन केलं, पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या. त्या पेशी तिथे काय करतायत हे कळायला पुढची चव्वेचाळीस वर्षं गेली. १९५६ मध्ये लंडनला रॉइट, डोनिआक आणि कॅम्पबेल यांना अशाच पेशंटच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचून सशांची थायरॉईड सुजवून दाखवली. विटेब्स्की हे एर्लिखच्या शिष्याचे शिष्य. गुरूच्या घराण्यातला सिद्धांत मोडतोय हे मान्य करायला त्यांना किती जड गेलं असेल याचा विचार करा, तरी त्यांनी ते मान्य केलं, छापलं, आणि एखादा आजार ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धचा, आहे हे म्हणायला कोणते पुरावे लागतील तेही पुढच्याच वर्षी लिहून काढलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पण मधली पन्नास वर्षं ज्यांच्या थायरॉईड, सांधे, किडन्या गेल्या त्यांच्या बाबतीत पुरावा नव्हता असं नाही, पुरावा होता, तो बघायची तयारी नव्हती.

अशी समजूत आजही आहे, फक्त तिचं रूप बदललंय. ऑटोइम्यून आजार असलेल्या दर पाच जणांपैकी जवळपास चार बायका असतात, ल्युपसमध्ये तर दहापैकी नऊ. आणि बाईने येऊन सांगितलं की अंग दुखतं, थकवा जात नाही, सकाळी बोटं वळत नाहीत, झोप होऊनही झोप झाल्यासारखी वाटत नाही, तर उत्तर काय मिळतं हे तुम्हाला माहितीये. टेन्शन घेऊ नका, वय झालं, वजन कमी करा, मन रमवा. टेन्शनने थकवा येतोच, नाकारत नाही, आणि मनाचा आजार हा काही खोटा आजार नसतो. पण टेन्शन हे निदान करायचं असेल तर तेही तपासून करावं लागतं, बाकी काही सापडलं नाही म्हणून उरलेल्या जागी ते लिहून टाकायचं नसतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे एनएमडीए रिसेप्टर या मेंदूच्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीमुळे मेंदूला येणारी सूज. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ बायकांची माहिती एकत्र छापली, बहुतेक तरुण, आधी चांगल्या असलेल्या, आणि काही दिवसांत भास, संशय, भीती, मग झटके, मग शुद्ध हरपणं, श्वासासाठी मशीन. जवळपास सगळ्यांच्या अंडाशयात एक विशिष्ट प्रकारची गाठ होती, तिच्याविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी मेंदूवरच्या त्याच रिसेप्टरला जाऊन चिकटत होत्या. गाठ काढली आणि इम्यून सिस्टीम शांत करणारी औषधं दिली तर यातल्या बऱ्याच जणी सुधारतात. २००७! त्याआधी हीच लक्षणं असलेल्या माणसांचं काय झालं असेल, किती जणी मनोरुग्णालयात राहिल्या असतील, किती घरांत त्याला बाहेरची बाधा म्हटलं गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरं कारण, आणि माझ्या मते जास्त मोठं, म्हणजे अवयवांप्रमाणे वाटलेली वैद्यकी. समजा एक पंचेचाळीशीची बाई आहे. डोळे चुरचुरतात म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, थेंब मिळाले. दोन वर्षांत दाढा भराभर किडल्या, हिरड्यांच्या कडेने, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेली, दाढा भरून मिळाल्या. गुडघे आणि बोटं दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, एक्स-रे नॉर्मल, पेनकिलर. थकव्यासाठी फॅमिली डॉक्टर, हिमोग्लोबिन ठीक, व्हिटॅमिनच्या गोळ्या. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर आहे. पण रात्री पाणी प्यायला उठावं लागतं का, कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येतो का, गालाखाली कानाजवळ सूज येऊन जाते का, हे तीन प्रश्न एकत्र कुणीच विचारले नाहीत. विचारले असते तर अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर इम्यून सिस्टीम हल्ला करते त्या श्योग्रेन सिंड्रोमचा संशय तिथल्या तिथे आला असता. आणि पुढची पहिली तपासणी काय, तर खालच्या पापणीत कागदाची एक पट्टी पाच मिनिटं अडकवून ठेवायची, पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर अश्रू कमी आहेत. त्याला मोठं मशीन लागत नाही. मग रक्तात अँटी-आरओ अँटीबॉडी बघायची, गरज पडली तर ओठाच्या आतून छोटी बायोप्सी. हे लवकर कळायला हवं कारण हा आजार फक्त कोरडेपणाचा नाही, फुफ्फुसं, किडनी, नसा यांवर जाऊ शकतो, आणि यात लिम्फोमा या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो.

हेन्रिक श्योग्रेन हे स्वतः डोळ्यांचे डॉक्टर होते, स्वीडनचे. १९३३ मध्ये त्यांनी कोरड्या डोळ्यांच्या १९ बायकांवर प्रबंध लिहिला आणि त्यात नोंदवलं की यातल्या १३ जणींना संधिवातही आहे. डोळ्यांच्या डॉक्टरने सांध्यांची चौकशी केली, तोंडाची चौकशी केली, म्हणून आजार सापडला. प्रबंधाला तेव्हा फारसे मार्कही मिळाले नाहीत. आज आपल्याकडे तेव्हापेक्षा कितीतरी जास्त टेस्ट आहेत, पण ती शेजारच्या अवयवाची चौकशी करण्याची सवय मात्र व्यवस्थेने मोडून काढलीय, कारण प्रत्येक भेटीला दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यात आपल्या अवयवाचंच संपता संपत नाही.

याच्या उलट काय होऊ शकतं ते १९८१ मध्ये दिसलं. अमेरिकेत पेंटामिडीन नावाचं औषध इतकं क्वचित लागायचं की ते फक्त सीडीसी या सरकारी संस्थेकडूनच मागवावं लागे, आणि ते पाठवण्याचं काम सँड्रा फोर्ड नावाच्या एक टेक्निशियन करायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या. हे औषध न्यूमोसिस्टिस या न्यूमोनियासाठी, जो सहसा कॅन्सरच्या किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटना होतो. त्यांच्या लक्षात आलं की अचानक तरुण पुरुषांसाठी मागण्या येतायत, आणि इम्युनिटी कमी असण्याचं काहीच कारण फॉर्मवर लिहिलेलं नाही. त्यांनी ते वरिष्ठांना कळवलं. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच पुरुषांचा रिपोर्ट छापून आला आणि एड्सची वैद्यकीय नोंद सुरू झाली ती तिथून. सगळ्या मागण्या एका टेबलावर येत होत्या आणि त्या टेबलावर बसलेल्या व्यक्तीचं कामावर लक्ष होतं, म्हणून हे दिसलं. तीच मागणी वीस वेगळ्या दुकानांतून पुरवली गेली असती तर आणखी किती महिने गेले असते कोण जाणे.

पेशंटच्या बाबतीत असं टेबल कुठंय? बहुतेक ठिकाणी नाहीये. जे आहे ते पेशंटच्या हातातली पिशवी, तिच्यात पाच वर्षांचे रिपोर्ट, काही पुसट झालेले, आणि नवीन डॉक्टर म्हणतो की जुनं राहू द्या, नवीन टेस्ट करून घेऊ. मला वाटतं याच एका वाक्याने निदानाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुनं राहू द्या कसं? या आजारांत जुनं हेच तर निदान आहे! तीन वर्षांपूर्वी एकदा प्लेटलेट्स कमी होत्या, मग आपोआप सुधारल्या. दोन वर्षांपूर्वी छातीत पाणी झालं आणि टीबीचं म्हणून औषध दिलं. मागच्या वर्षी उन्हात गालावर चट्टे. यातलं प्रत्येक एकेकटं किरकोळ आहे किंवा वेगळ्या कारणाचं वाटतं, आणि ओळीने ठेवलं तर ल्युपस डोळ्यासमोर उभा राहतो.

आणि रिपोर्ट म्हणजे तरी काय, तोही वाचावा लागतो. एक उदाहरण जवळून बघू. दोन महिन्यांचं बाळ, वजन वाढत नाही, तोंडात पांढरा थर जात नाही, खोकला आहे. रक्ताचा साधा काउंट केला. पांढऱ्या पेशी ६०००, त्यात लिम्फोसाइट २५ टक्के. रिपोर्टवर कुठे ठळक अक्षर नाही, बाण नाही, कारण छापलेली रेंज मोठ्या माणसाची आहे. आता गुणाकार करा, लिम्फोसाइट झाले १५००. मोठ्या माणसाला चालेल. पण दोन महिन्यांच्या बाळाला अडीच-तीन हजारांच्या खाली आकडा आला की डॉक्टरच्या अंगावर काटा यायला हवा, कारण ही गंभीर संयुक्त इम्युनोडेफिशियन्सी असू शकते, एससीआयडी, ज्यात टी पेशी (लिम्फोसाइटचा एक मुख्य प्रकार) जवळपास नसतातच आणि उपचार न मिळालेली बाळं बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. अशा बाळाला जिवंत जंतूंची लस देणंही धोक्याचं असतं. ही सगळी माहिती त्या साध्या काउंटमध्ये पडून होती, कुणीतरी वयाची रेंज लावून गुणाकार करायला हवा होता, एवढंच. लॅबचं सॉफ्टवेअर हे काम फुकटात करू शकतं, आणि जिथे करत नाही तिथे त्याला माझ्या मते माफी नाही.

याच बाळांसाठी जन्मतः टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर टेस्ट करता येते, टी पेशी तयार होताना मागे राहणारे डीएनएचे छोटे गोल तुकडे मोजायचे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये हे सगळ्या नवजात बाळांसाठी सुरू केलं आणि २०१८ संपेपर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत ते पोचलं. फरक किती पडतो बघा. २०१४ मध्ये छापून आलेल्या तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत रक्ताच्या मूळ पेशींचं (बोन मॅरोचं) ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होती, आणि त्याहून मोठ्या, ट्रान्सप्लांटच्या वेळी इन्फेक्शन चालू असलेल्या बाळांपैकी ५० टक्के. आजार तोच, उपचारही तोच. निदान लवकर म्हणजे किती हे एवढ्या स्वच्छपणे सांगणारे आकडे वैद्यकात फार कमी मिळतील.

मोठ्या माणसांतही असं लपलेलं असतं. अँटीबॉडी कमी बनण्याचा आजार पहिल्यांदा ओळखला ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये, आठ वर्षांचा मुलगा, रक्तात पुन्हापुन्हा न्यूमोकॉकस या जंतूचं इन्फेक्शन. नव्याने आलेल्या, सीरममधली प्रथिनं वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या मशीनवर त्याचं सीरम टाकलं तर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटीबॉडी ज्यात असतात तो, भागच गायब होता. त्यांनी बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन द्यायला सुरुवात केली आणि मुलाची इन्फेक्शन थांबली. आज लिव्हरच्या साध्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असतंच, एकातून दुसरं वजा केलं की ग्लोब्युलिन मिळतं, आणि ते दर डेसिलीटरला २ ग्रॅमच्या आसपास किंवा खाली असेल तर अँटीबॉडी मोजून घ्यायला हव्यात. जास्त असलं की सगळे बघतात, कमी असलं की कुणाचं लक्ष जात नाही. वर्षाला दोन न्यूमोनिया, सायनसचं न संपणारं दुखणं, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक नाही, अशा माणसाला प्रत्येक वेळी नवीन अँटिबायोटिक मिळतं. फुफ्फुसाच्या नळ्या कायमच्या रुंदावतात तोपर्यंत वर्षं गेलेली असतात.

आता विरुद्ध बाजू, कारण ती खरी आहे आणि मला ती टाळायची नाही. अनेक चांगले डॉक्टर म्हणतात की लोकांना इम्यून आजारांची भीती घातली की जो तो एएनए टेस्ट (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी) करून घेतो आणि मग निरोगी माणसं पेशंट होतात. बरोबर आहे. १९९७ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात निरोगी लोकांचं सीरम ४० पट पातळ करून बघितलं तर सुमारे ३२ टक्के लोकांची एएनए पॉझिटिव्ह आली, ८० पटीला १३ टक्के, १६० पटीला ५ टक्के. म्हणजे लक्षणं नसलेल्या माणसाची ही टेस्ट करणं म्हणजे विनाकारण झोप उडवणं. त्यातून कुणी घाबरून स्टेरॉईड चालू केलं तर मग विचारायलाच नको, हाडं ठिसूळ, साखर वर, आणि वर खऱ्या आजाराच्या खुणाही पुसल्या जातात. निगेटिव्ह टेस्टही फसवते. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅकसाठी जी अँटीबॉडी बघतात ती आयजीए प्रकारची, आणि ज्यांच्यात मुळात आयजीएच बनत नाही त्यांची टेस्ट निगेटिव्ह येणारच, बरं या लोकांत सिलिअ‍ॅकचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं! म्हणून एकूण आयजीए सोबत मोजावं लागतं. आणि टेस्टच्या आधीच गहू बंद केला असेल तरी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, कुणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडून मग टेस्टला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. टेस्ट एकट्याने पॉझिटिव्हही फसवते आणि निगेटिव्हही फसवते, तर मग निदान कशावर करायचं? पेशंटच्या हकिकतीवर, तपासणीवर, आणि काही महिन्यांनी पुन्हा बघण्यावर. ल्युपसचे २०१९ चे आंतरराष्ट्रीय निकषही बघा, आधी एएनए ८० पटीला पॉझिटिव्ह हवी, मग ताप, सांधे, त्वचा, किडनी, रक्त अशा प्रत्येकाला मार्क, आणि दहा मार्क झाले की ल्युपस म्हणायचं. आणि हे निकष मुळात संशोधनासाठी आहेत, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासात सारखेच पेशंट घेतले जावेत म्हणून. समोर बसलेल्या माणसाचे आठ मार्क झाले म्हणून त्याला काही नाही असं सांगून घरी पाठवण्यासाठी ते कुणी लिहिलेले नाहीत. आठवाल्याला सहा महिन्यांनी बोलवायचं असतं, त्याची लघवी तपासायची असते, कारण किडनीवर हल्ला सुरू झाला तरी सुरुवातीला काही दुखत नाही, लघवीतून प्रोटीन जायला लागतं हीच पहिली खूण असते.

म्हणून मला वाटतं की "अजून निदान नाही, लक्ष ठेवतोय" ही एक अधिकृत नोंद असायला हवी. आज दोनच दारं आहेत, आजाराचं नाव मिळालं तर आत, नाही तर बाहेर. नाव न मिळालेल्या माणसाला पुढची तारीख मिळत नाही, सुट्टी मिळत नाही, घरच्यांचा विश्वासही हळूहळू कमी होतो. त्याला एक डॉक्टर हवा, फॅमिली डॉक्टरच असला तरी चालेल, किंबहुना तोच बरा, जो सगळे रिपोर्ट स्वतःकडे ठेवेल, दर काही महिन्यांनी तेच ठरलेले प्रश्न विचारेल आणि वेळ आली की ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आजारांचा तज्ञ) किंवा इम्युनॉलॉजिस्टकडे एका पानाची नीट हकिकत लिहून पाठवेल. यासाठी त्या डॉक्टरला वेळ लागेल, आणि वेळाचे पैसे लागतील. ऑपरेशनचे पैसे द्यायला प्रत्येक व्यवस्था तयार असते, अर्धा तास बसून ऐकण्याचे पैसे द्यायला नसते, हे बदलावं लागेल, नाहीतर बाकीचं सगळं बोलणं वाया आहे.

हे होणारच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडचं उदाहरण आहे. तिथे कॅन्सरच्या संशयाने तातडीने पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत ६२ दिवसांचं लक्ष्य असतं, ते किती पाळलं गेलं याचे आकडे जाहीर होतात. आणि तिथेच सांध्यांना सतत सूज असलेल्या पेशंटला पाठवल्यापासून तीन आठवड्यांच्या आत तज्ञाने बघावं असा गुणवत्तेचा निकष आहे, आणि कुठल्या हॉस्पिटलमध्ये किती पेशंटना तेवढ्या वेळात बघितलं गेलं याचा राष्ट्रीय पातळीवर हिशोब ठेवला जातो. सगळीकडे पाळला जातो असं नाही, पण मोजला जातो, त्यामुळे कोण मागे आहे ते सगळ्यांना दिसतं आणि जाब विचारता येतो. सांध्यांसाठी जमतं तर ल्युपससाठी, श्योग्रेनसाठी, अँटीबॉडी न बनणाऱ्यांसाठी पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत किती महिने गेले हे प्रत्येक फाईलवर लिहायला काय हरकत आहे? त्यासाठी नवीन औषध, नवीन मशीन काही लागत नाही, फक्त दोन तारखा लागतात, आणि त्या दोन्ही तारखा पेशंटला तोंडपाठ असतात, कधीही विचारा.